भिंतीवरचं चौदा तासांचं वेळापत्रक

२०२० च्या करोना लॉकडाउनमध्ये आलेल्या एका पत्राला दिलेलं हे उत्तर.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का, ते तुम्हाला पाहता येईल. लॉकडाउन लागला तेव्हा आतून थोडं बरंच वाटलं होतं, असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. रोजचे जाण्यायेण्याचे तीन तास वाचणार होते. जुलैत जपानी भाषेची एन४ पातळीची परीक्षा होती, एक कथा अर्धवट पडली होती, वजन उतरवायचं होतं. घरून करायची नोकरी धरून चौदा तासांचं वेळापत्रक केलंत आणि भिंतीवर चिकटवलंत. ते चार दिवस टिकलं. पुढे परीक्षाच रद्द झाली. आता दोन महिने होत आले, कागद अजून भिंतीवर आहे आणि त्याच्याकडे नजर गेली की पोटात खड्डा पडतो. घरातले म्हणतात, सकारात्मक राहा. तुम्ही विचारताय की ते राहायचं कसं, आणि एवढा मोकळा वेळ हाताशी असून काहीच झालं नाही तर स्वतःला माफ कसं करायचं.

मी वीस वर्षं समुपदेशन करते. सध्या फोनवर येणाऱ्या दर तीन-चार जणांमागे एकाच्या घरी असा एखादा कागद भिंतीवर नाहीतर वहीत असतोच. तेव्हा आळशी फक्त तुम्हीच, हा समज आधी बाजूला ठेवू.

मात्र पुढचं सगळं काही गोष्टी गृहीत धरून लिहितेय. घरात कुणी आजारी नाही, नोकरी शाबूत आहे, लहान मूल सांभाळायचं नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. यातलं एखादं जरी वेगळं असतं तर मी जपानीचं नावही काढलं नसतं. ज्याचा पगार थांबलाय किंवा ज्याचं माणूस दवाखान्यात आहे, त्याने या दिवसांत उद्दिष्टांचा विचार केला नाही तर त्यात त्याचं काही चुकत नाही. दुसरं असं की, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आवडीच्या कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हा वेळापत्रकाचा प्रश्न उरत नाही. तेव्हा डॉक्टरांशी बोलायला हवं. आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांचीही वाट न बघता, आजच. तुम्ही लिहिलंय की रात्री मैत्रिणीशी बोलताना हसू येतं आणि कथेतली पात्रं अजून डोक्यात घोळतात. त्यावरून मला वाटतं की तुम्ही त्या टोकाला नाही. पण हे तुम्हीच तपासायचं, मी एवढ्या लांबून सांगू शकत नाही.

आता मुद्द्यावर येते. लॉकडाउनने तुम्हाला वेळ दिला, असं सगळे म्हणतात. माझ्या मते त्याने वेळ दिला त्यापेक्षा जास्त काहीतरी काढून घेतलं. पूर्वीच्या तुमच्या दिवसाला सांधे होते. अमुक वाजता घर सोडायचं, गाडी पकडायची, कुणीतरी वाट बघत असायचं, संध्याकाळी दमून दारात चपला काढल्या की ऑफिस संपायचं. एक काम संपलं आणि दुसरं सुरू झालं, हे अंगाला आपोआप कळायचं. तुम्ही जपानीचा अभ्यास परतीच्या प्रवासात करायचात, असं तुम्हीच लिहिलंय! त्या वेळात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, बसायची जागा ठरलेली होती, उतरायचं ठिकाण आलं की अभ्यास संपत होता. तुम्हाला वाटत होतं की आपल्याकडे जिद्द आहे म्हणून अभ्यास होतोय. जिद्द होतीच, पण अर्धं काम त्या प्रवासाने केलं होतं. तो बंद झाला आणि अभ्यासाचा आधारच गेला. नंतर तुम्ही सगळा भार एकट्या जिद्दीवर टाकलात, तोही चौदा तासांचा.

बंदिस्त जागेत माणसाचं काय होतं, याचा अभ्यास अंतराळ मोहिमांसाठी झालेला आहे. मॉस्कोमध्ये जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा जण ५२० दिवस एका बंद यानसदृश जागेत राहिले. मंगळाच्या प्रवासाची ती रंगीत तालीम होती, नाव मार्स-५००. ही पारखून निवडलेली, तयारीची माणसं होती. तरीही जसजसे महिने गेले तसतशी त्यांची हालचाल कमी होत गेली, अंथरुणातला वेळ वाढला आणि बहुतेकांच्या झोपेची घडी या ना त्या प्रकारे विस्कटली. त्यांना काम होतं, ध्येय होतं, बाहेर पडायची तारीखही माहीत होती. तुम्हाला तर तारीखही ठाऊक नाही.

इथे न्यूटनबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण सध्या जो उठतो तो त्याचं उदाहरण देतो. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झालं, तो गावी गेला आणि तिथे त्याने मोठमोठे शोध लावले, असं सांगतात. त्याने तेव्हा अफाट काम केलं हे खरं. पण ज्या प्रश्नांवर केलं ते तो आधीपासून उकलत होता, नोकरी नव्हती, आणि मोबाइलवर क्षणाक्षणाला मृतांचे आकडे येत नव्हते. हे उदाहरण देणाऱ्याला विचारून बघा की त्याने स्वतः या दोन महिन्यांत काय शोधून काढलं.

‘सकारात्मक राहा’ याचा अर्थ आपण असा लावतो की आधी मन प्रसन्न करायचं, मग कामाला लागायचं. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि आमच्या क्षेत्रातलं संशोधनही त्याच बाजूचं आहे. १९७० च्या दशकात पीटर ल्युइन्सन या मानसशास्त्रज्ञाने उदासीकडे असं बघितलं: माणूस खचतो, म्हणून कमी गोष्टी करतो, कमी केल्यामुळे समाधानाचे क्षण कमी होतात, आणि त्यामुळे आणखी खचतो. हे चाक थांबवायचं तर मनाला हात न घालता आधी कृतीला हात घालायचा. इच्छा होवो न होवो, ठरलेली छोटी गोष्ट करायची. मन मागून येतं. लगेच येत नाही, कधी आठवडा लागतो. पण हुरूप यायची वाट बघत बसलेल्या माणसाला तो आलेला मी फारसा पाहिलेला नाही.

उलट, नुसतं गोड चित्र रंगवणं कधीकधी नडतं. गॅब्रिएले ओटिंगन यांनी वजन कमी करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला होता, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला हे जमेल असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं वजन जास्त उतरलं. पण सगळं कसं सहज, छान होईल अशी स्वप्नं ज्या रंगवत होत्या, त्यांचं कमी उतरलं. म्हणजे विश्वास उपयोगी पडला, दिवास्वप्न नाही. तुमच्या भिंतीवरचा कागद मला त्या दिवास्वप्नाच्या जातीचा वाटतो. तो लिहिताना जे बरं वाटलं, त्यातच बराचसा जोर खर्च झाला. तेव्हा आजच तो कागद काढा. फाडायची गरज नाही, घडी करून ठेवून द्या.

त्या जागी नवं वेळापत्रक लावू नका. आधी तीन दिवस फक्त नोंद करा. वहीत दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, आणि त्यानंतर कसं वाटलं, दहापैकी किती. सुधारायला जायचं नाही. मोबाइलवर दोन तास गेले तर तसंच लिहायचं. ही नोंद कंटाळवाणी असते आणि निम्मे लोक दुसऱ्या दिवशी सोडून देतात, हे आधीच सांगते. पण जे करतात, त्यांना बहुधा एक गोष्ट चकित करते. ज्याला आपण विरंगुळा समजतो त्याला तीन नाहीतर चार गुण पडलेले असतात, आणि कपाटाचा एक कप्पा आवरला किंवा लांबणीवर टाकलेला एक फोन केला, याला सात. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे गेल्या महिन्यात फोनवर येत होते. त्यांच्या नोंदीत दिवसातला सर्वांत चांगला आकडा होता गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालण्याला, आठ. बातम्या बघण्याला दोन. बातम्या दिवसाला पाच तास चालू होत्या आणि कुंड्यांना मिळत होती सात मिनिटं. मी त्यांना काही समजावलं नाही. त्यांनीच ती ओळ मला वाचून दाखवली आणि गप्प झाले.

नोंद झाली की मग उद्दिष्ट. तुमच्याकडे तीन आहेत. एकच घ्या. कुठलं, ते मी सांगणार नाही, पण जपानी घेतलंत असं धरून पुढे लिहिते, कारण त्यातला गुंता सगळ्यांत जास्त आहे: परीक्षा रद्द झाल्यामुळे तारीख गेली, आणि तारखेबरोबर निकडही. अशा वेळी उद्दिष्टाचं तोंड बदलावं लागतं. ‘एन४ पास होणं’ हे सध्या तुमच्या हातात नाही. ‘रोज तीन कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, लिहिणं’ हे हातात आहे. तीन फारच कमी वाटतात ना? वाटूच द्या. चांगल्या दिवशी किती होईल हे बघून आकडा ठरवायचा नसतो, सगळ्यांत वाईट दिवशी काय जमेल ते बघून ठरवायचा. डोकं दुखतंय, घरात भांडण झालंय, ऑफिसने उगाच तास वाढवलाय, तरीही जे होईल तेवढंच.

आणि ते कधी करायचं, हे घड्याळावर सोडू नका, एखाद्या कृतीला बांधा. पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. ‘मी अभ्यास करीन’ यापेक्षा ‘अमुक झालं की मी लगेच तमुक करीन’ असं ठरवणाऱ्या लोकांच्या हातून काम पार पडण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. तुमच्यासाठी ते वाक्य असं होऊ शकेल: ऑफिसचा लॅपटॉप मिटला की मी उठून दुसऱ्या खुर्चीत बसेन आणि तीन कांजी लिहीन. दुसरी खुर्ची महत्त्वाची आहे. दुसरी खोली असेल तर उत्तमच, पण दोन खोल्यांत चार माणसं असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा खुर्चीचं तोंड खिडकीकडे वळवलं तरी चालेल. गेलेला परतीचा प्रवास आपण असा परत बांधतोय. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ ऑफिस संपलं की चपला घालून जिन्याने खाली जातात, फाटकापर्यंत जाऊन परत वर येतात आणि मग ‘घरी’ येतात. लोक हसतात. त्यांची संध्याकाळ मात्र शाबूत आहे.

सकाळचा एक सांधा मात्र मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते: उठण्याची वेळ. झोपायची वेळ हुकूमाने पाळता येत नाही, उठण्याची येते. ती रोज तीच ठेवा, सुटीलाही, आणि उठल्यावर अर्धा तास तरी खिडकीत, गॅलरीत, जिथे आकाश दिसेल तिथे काढा. घरातला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, पण लक्स या उजेडाच्या मापात तो साधारण काहीशेच्या आत असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार लक्स उजेड असतो. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. मार्स-५०० मधल्या लोकांच्या झोपेचं जे झालं, त्यामागे पुरेसा उजेड नसणं हे एक कारण असावं, असं अभ्यासकांनी म्हटलं होतं.

आता खाडा पडण्याबद्दल, कारण तुमचं खरं घोडं तिथेच अडलं. पाचव्या दिवशी तुम्ही नऊला उठलात, आणि त्या दिवसाबरोबर अख्खं वेळापत्रक सोडून दिलंत. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी रोजची गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसातला फरक केवढा, तर अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेले. २१ दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगतात, त्यावर फार विसंबू नका. तुमच्या कामाची गोष्ट त्या अभ्यासात वेगळीच आहे: मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसला नाही. तेव्हा खाडा पडेल, हे आधीच धरून चाला आणि त्याच्यासाठीही एक वाक्य तयार ठेवा: खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी तीनच कांजी, सहा नाही. भरपाई करायला गेलं की दुसरा दिवस जड होतो, मग तोही चुकतो. हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलंय की आता खाड्यापेक्षा मला भरपाईचीच जास्त धास्ती वाटते.

काळजीचं काय करायचं, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. रात्री दिवा मालवला की आईवडलांचं काय होईल, हा विचार सुरू होतो. तो दाबू नका. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेली माणसं पुन्हापुन्हा त्याचाच विचार करतात, हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवलंय. त्याऐवजी काळजीला वेळ नेमून द्या. संध्याकाळी, झोपेच्या बऱ्याच आधी, वीस मिनिटं, एकाच जागी बसून, कागदावर. दिवसभरात काळजी डोकावली की तिला सांगायचं, संध्याकाळी ये. ऐकायला पोरकट वाटतं. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. पण ही रीत टॉमस बोरकोव्हेक यांनी १९८० च्या दशकात तपासून बघितलेली आहे, आणि निम्म्याहून अधिक लोकांकडून मी ऐकलंय की वीस मिनिटं पुरी भरतच नाहीत. लिहिलेल्या काळज्यांचे मग दोन भाग करा. ज्यात उद्या काही करता येईल, उदाहरणार्थ वडलांची औषधं महिनाभराची आणून ठेवणं, ते उद्याच्या कामात. बाकीच्या तशाच कागदावर.

बातम्या दिवसातून एकदा, पण सकाळी उठल्याउठल्या नको आणि झोपताना तर नकोच. इतरांच्या पोस्टबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. ज्यांचा चार दिवसांनी फज्जा उडाला, ते त्याची पोस्ट टाकत नाहीत. तुम्ही तरी टाकलीत का?

घरातल्यांशी मात्र बोला. ‘सकारात्मक राहा’ म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तुमचा चेहरा बघून स्वतःलाच भीती वाटत असते. त्यांच्याकडून उपदेशाऐवजी नेमकी मदत मागा: संध्याकाळी लॅपटॉप मिटल्यावर पंधरा मिनिटं मला हाक मारू नका. आणि बहिणीला किंवा त्या मैत्रिणीला रोज रात्री तीन कांजींचा फोटो पाठवा. तिने तपासायची गरज नाही, आला एवढं बघितलं तरी पुरे. ऑफिसला जायचात तेव्हा कुणीतरी वाट बघत असायचं, ते इतकंच होतं.

राहिला माफीचा प्रश्न. हा वेळ मोकळा होता, हे तुम्ही धरूनच चालला आहात. मला ते मान्य नाही. मोकळा वेळ म्हणजे ज्यात भीती नाही आणि ज्याचा शेवट माहीत आहे, असा वेळ. सुटीसारखा. हे दोन महिने तुम्ही नोकरी केलीत, चार माणसांच्या घरात भांडणं फार वाढू दिली नाहीत, वडलांना बाहेर पडू न देता सगळं सामान स्वतः आणलंत. हे तुमच्याच पत्रात आहे, पण ‘काहीच केलं नाही’ या वाक्याच्या आधी, सहज उल्लेख केल्यासारखं. तीन दिवसांची नोंद कराल तेव्हा या गोष्टीही ओळ म्हणून लिहा आणि त्यांनाही गुण द्या.

कथेचं आणि वजनाचं नंतर बघू. तीन आठवडे तीन कांजी झाल्या, म्हणजे सोळा-सतरा दिवस तरी, तर दुसरं उद्दिष्ट जोडता येईल. नाही झाल्या तर आकडा एकावर आणा आणि खुर्ची बदलून बघा. नोंदीची वही आज रात्रीच काढून ठेवा, उद्या शोधत बसाल.